वडिलांनी न सांगितलेले युद्ध

दुसऱ्या महायुद्धातील एक छायाचित्र बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेले असते. उजाड, खडकाळ माथा, तिरका झुकलेला लोखंडी खांब आणि तो उभा करण्यासाठी अंगची सारी ताकद लावणारे सहा अमेरिकन सैनिक. २३ फेब्रुवारी १९४५ रोजी जपानच्या इवो जिमा बेटावरील सुरिबाची पर्वतावर जो रोझेन्थल या वृत्तछायाचित्रकाराने ते टिपले. त्याला पुलित्झर पारितोषिक लाभले, त्यावर टपाल तिकीट निघाले आणि १९५४ साली वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टन येथे त्याचे भव्य कांस्यशिल्प उभे राहिले. त्या सहांपैकी एक म्हणून सत्तर वर्षे ज्यांचे नाव घेतले गेले, त्या जॉन ब्रॅडली यांच्या घरातील भिंतीवर मात्र हे चित्र कधीच लागले नाही.

ब्रॅडली हे विस्कॉन्सिन राज्यातील एका कॅथलिक कुटुंबात वाढले. पायदळातील लढाई टळावी म्हणून वडिलांच्या सल्ल्याने ते नौदलात गेले. पण तेथे त्यांना वैद्यकीय साहाय्यकाचे शिक्षण मिळाले आणि त्यांची नेमणूक थेट मरीन दलाबरोबर, म्हणजे आघाडीवरच झाली. १९ फेब्रुवारी १९४५ रोजी मरीन सैनिक इवो जिमाच्या काळ्या वाळूत उतरले. अवघ्या एकवीस चौरस किलोमीटरच्या त्या बेटावर सुमारे २१ हजार जपानी सैनिक भुयारे खोदून दबा धरून बसले होते. छत्तीस दिवसांच्या त्या लढाईत जवळजवळ ६,८०० अमेरिकन प्राणांस मुकले. जपानी सैनिकांपैकी तर फारच थोडे जिवंत उरले. एकवीस वर्षांच्या ब्रॅडलींच्या हाती तेथे औषधांची पिशवी होती आणि कानी जखमींच्या हाका येत होत्या.

युद्धानंतर ते अँटिगो या लहानशा गावी परतले. त्यांनी विवाह केला आणि अंत्यविधींची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय थाटला. त्यांना आठ मुले झाली. गावातील शोकाकुल घरांना धीर देणारा हा गृहस्थ स्वतःच्या युद्धाविषयी अवाक्षरही काढत नसे. दरवर्षी फेब्रुवारीत वार्ताहरांचे दूरध्वनी येत. तेव्हा काय सांगायचे, हे मुलांना पढवून ठेवलेले होते: वडील कॅनडात मासे पकडायला गेले आहेत. पाठ्यपुस्तकात वडिलांचा उल्लेख वाचून मुलगा जेम्स कौतुकाने विचारायला गेला, तेव्हा खरे वीर जे परत आले नाहीत ते, एवढेच त्याला सांगण्यात आले.

११ जानेवारी १९९४ रोजी जॉन ब्रॅडली निवर्तले. त्यानंतर घरातील जुन्या खोक्यांत त्यांनी बेटावरून आईवडिलांना लिहिलेले एक पत्र मिळाले. ध्वज उभारण्यात आपलाही थोडा हात लागला आणि तो आपल्या आयुष्यातील अत्यंत आनंदाचा क्षण होता, असे त्यात लिहिले होते. ज्या क्षणाला वडिलांनी पत्रात एवढे मोठे स्थान दिले, तोच त्यांनी पुढे एकोणपन्नास वर्षे का झाकून ठेवला? या प्रश्नाने जेम्सचा शोध सुरू झाला. ध्वज उभारणाऱ्या इतरांच्या नातेवाइकांना, वडिलांच्या सोबत्यांना तो गाठू लागला. १९९८ साली आई व भावांसह तो त्या बेटावरही जाऊन आला.

शोधात जे हाती लागले, ते चित्रापेक्षा कितीतरी मोठे होते. ध्वज फडकण्याच्या दोन दिवस आधी, २१ फेब्रुवारीला, ब्रॅडली भर गोळीबारात एका जखमी सैनिकाकडे धावले. वाळूत बंदूक उभी रोवून त्यांनी तिला रक्तद्रवाची बाटली बांधली, स्वतःच्या देहाचा आडोसा करून उपचार केले आणि मग त्या सैनिकाला तीस यार्ड ओढत सुरक्षित जागी आणले. याबद्दल त्यांना नेव्ही क्रॉस हे अत्युच्च पदकांपैकी एक मिळाले होते. पत्नीला आणि मुलांना त्याचा पत्ता त्यांच्या मृत्यूनंतर लागला.

मौनाची दुसरी बाजू काळोखी होती. राल्फ इग्नाटोव्स्की हा अठरा वर्षांचा मरीन सैनिक त्यांचा जिवलग मित्र होता. लढाईच्या धुमश्चक्रीत तो शत्रूच्या हाती सापडला आणि पुढे त्याचा छिन्नविच्छिन्न देह मिळाला. या मित्राविषयी ब्रॅडली हयातीत मुलांशी क्वचित, तेही मोजक्या शब्दांत बोलले होते. लग्नानंतरची पहिली चार वर्षे ते झोपेत रडत असत, हे आईने मुलांना वडील गेल्यावर सांगितले. तिकडे सरकारला मात्र त्या चित्राचा उत्सव हवा होता. चित्रातील हयात मानलेल्या तिघांना, म्हणजे ब्रॅडली, रेने गॅग्नॉन आणि आयरा हेज यांना, युद्धकर्जाचे रोखे खपवण्यासाठी १९४५ च्या उन्हाळ्यात देशभर फिरवण्यात आले. शिकागोच्या क्रीडागारात तर कागदाच्या लगद्याच्या नकली डोंगरावर चढून त्यांना तो प्रसंग पुन्हा वठवावा लागला. ज्यांचे सोबती खऱ्या डोंगराच्या पायथ्याशी पुरले गेले होते, त्यांना टाळ्यांच्या कडकडाटात काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

जेम्स ब्रॅडली यांचा ग्रंथ २००० साली प्रसिद्ध झाला आणि २००६ साली त्यावर क्लिंट ईस्टवूड यांचा चित्रपटही आला. येथे कथा संपली असे सर्वांना वाटले. पण २०१४ साली दोन हौशी अभ्यासकांनी छायाचित्रातील पोशाख व साहित्य बारकाईने तपासून शंका उपस्थित केली, आणि जून २०१६ मध्ये मरीन दलाने चौकशीअंती जाहीर केले की त्या चित्रात जॉन ब्रॅडली नाहीत. त्या दिवशी पर्वतावर दोन ध्वज उभारले गेले होते. सकाळच्या पहिल्या लहान ध्वजाशी ब्रॅडलींचा संबंध होता. सुमारे दोन तासांनी तो उतरवून मोठा ध्वज लावला गेला आणि रोझेन्थल यांचे चित्र त्या दुसऱ्या ध्वजाचे होते. पहिल्या ध्वजाचेच ते चित्र आहे असा वडिलांचा समज असावा, असे जेम्स यांनी म्हटले. वडिलांना सत्य ठाऊक होते काय, हा प्रश्न मात्र कायमचा त्यांच्याबरोबर गेला. ज्या मुलाने आयुष्याची कित्येक वर्षे या चित्रामागे घालवली, त्याने पुरावा समोर आल्यावर तो मान्य केला. पित्यावरील प्रेमाची याहून कठीण कसोटी कोणती असेल?

चित्रातील ती जागा हॅरॉल्ड शुल्ट्झ यांची होती. लॉस एंजेलिसच्या टपाल खात्यात नोकरी करून ते १९९५ साली निवर्तले. आयुष्याच्या उत्तरार्धात एकदा जेवताना सावत्र मुलीजवळ त्यांनी ओझरता उल्लेख केला. ती त्यांना वीर म्हणू लागताच, आपण केवळ एक मरीन होतो, असे म्हणून त्यांनी विषय मिटवला. पुढे २०१९ मध्ये गॅग्नॉन यांच्या जागी हॅरॉल्ड केलर यांचे नाव निश्चित झाले. आयोवाच्या या रहिवाशाने १९७९ मध्ये मृत्यू येईपर्यंत आपल्या घरी याची वाच्यता केली नव्हती.

एकाच डोंगरावरून उतरलेले हे तीन पिते आणि तिघांचेही ओठ मिटलेले! ज्याला कीर्ती मिळाली तोही गप्प राहिला आणि ज्यांची कीर्ती दुसऱ्याला गेली तेही गप्प राहिले. यावरून एवढे दिसते की त्यांच्या मौनाचे मूळ मानापमानात नव्हते. जे पाहिले ते घरच्या भाषेत सांगता येण्याजोगे नव्हते, आणि जे मेले त्यांच्या नावावर आपण मोठे व्हावे हे मनाला पटत नव्हते. चित्रातून ब्रॅडलींचे नाव गेले, तरी वाळूत रोवलेली ती बंदूक आणि तीस यार्डांचे ते अंतर त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. त्या क्षणी त्यांच्यासमोर कोणताही छायाचित्रकार उभा नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाखांहून अधिक भारतीयांनी सैन्यात सेवा केली. ब्रह्मदेश, आफ्रिका, इटली येथून परतलेल्या त्या मराठी जवानांची पिढी आता जवळजवळ संपली आहे. पुढील युद्धांतले निवृत्त सैनिक आजही अनेक घरांत आहेत. त्यांच्या पदकांविषयी विचारण्यापूर्वी त्यांच्या गमावलेल्या सोबत्यांची नावे विचारावीत. उत्तर आले तर ते जपून ठेवावे. न आल्यास त्यांच्याजवळ शांतपणे बसावे, आणि जे उशिरा कळेल ते आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळे निघाले तरी स्वीकारण्याची मनाची तयारी ठेवावी.