ड्रिलचा चक : बिट बसवणे आणि बदलणे

विजेच्या ड्रिल मशीनच्या पुढच्या टोकाला असलेली, भोक पाडणारे बिट घट्ट धरून ठेवणारी पकड म्हणजे चक. मोटरची गती बिटापर्यंत पोहोचते ती या पकडीतूनच. मशीन कितीही महागाचे असले तरी बिट चकमध्ये तिरके, अर्धवट किंवा सैल बसले असेल तर भोक वाकडे पडते, बिट मोडते, प्रसंगी हातही मुरगळतो. बिट बदलणे हे जेमतेम अर्ध्या मिनिटाचे काम. ते मशीन थांबलेले असताना होते म्हणून त्याला धोक्याचे काम कुणी मानत नाही, आणि ड्रिलच्या कामातला सर्वांत जास्त निष्काळजीपणा याच अर्ध्या मिनिटात होतो.

सुताराचा सामता दोरीच्या ओढीवर फिरे आणि गिरमिट मनगटाच्या पिळावर. हात थांबला की अवजार थांबे, त्यामुळे टोक बदलताना कसलीही भीती नव्हती. १८८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे आर्थर जेम्स आर्नोट आणि विल्यम ब्रेन यांनी विजेवर चालणाऱ्या ड्रिलचे पेटंट घेतले. ते खडक आणि कोळसा फोडण्यासाठीचे अवजड यंत्र होते. हातात धरून वापरता येणारे ड्रिल १८९५ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्टच्या फाइन बंधूंनी तयार केले. आजच्या मशीनचा आकार मात्र अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीच्या १९१७ च्या पेटंटातून आला: पिस्तुलासारखी मूठ आणि तर्जनीखाली दाबायचा स्विच. एका हाताने काम करण्याची मोठी सोय त्यामुळे झाली. पण मूठ धरली की बोट आपोआप स्विचवर जाते. डाव्या हाताने बिट काढणाऱ्याचे उजव्या हाताचे बोटही तिथेच असते, आणि पुढची सारी खबरदारी याच एका गोष्टीपासून सुरू होते.

तीन जबड्यांचा, दात असलेल्या चावीने आवळायचा चक अमेरिकेतील हार्टफर्डच्या आर्थर जेकब्ज यांनी शोधला. त्याचे पेटंट १९०२ चे. आधीच्या चकवर बोटांची पेरे आपटून सोलवटल्यामुळे त्यांना तो सुचला, अशी कथा सांगितली जाते. कथा असो वा नसो, त्यांची रचना इतकी नेटकी होती की शंभराहून अधिक वर्षे झाली तरी ती मूळ स्वरूपात वापरात आहे. चकच्या आत तीन जबडे तिरक्या भोकांमध्ये बसवलेले असतात आणि त्यांच्या पाठीवर आटे असतात. बाहेरची दातेरी कडी फिरली की तिच्याबरोबर आतला आट्यांचा नट फिरतो आणि तिन्ही जबडे एकाच वेळी, सारख्याच अंतराने पुढे सरकून मध्यभागी जवळ येतात. त्यामुळे दीड मिलिमीटरचे बिट असो वा तेरा मिलिमीटरचे, ते बरोबर मध्यावरच धरले जाते. आपल्याकडच्या बाजारात १० आणि १३ मिलिमीटरचे चक सर्रास मिळतात. हा आकडा म्हणजे त्या चकमध्ये मावणाऱ्या सर्वांत जाड दांडीचे माप.

बिटाला हात लावण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून काढायचा. भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण दुसरा कुणीतरी पंखा समजून तेच बटण दाबू शकतो. मशीनच्या मुठीवर स्विच दाबलेल्या अवस्थेत अडकवून ठेवणारे छोटे लॉक बटण असते. ते अडकलेले असताना वीज गेली, कामगाराने कंटाळून मशीन खाली ठेवले आणि बिट बदलायला घेतले, तर वीज परत येताच मशीन त्याच्या हातात सुरू होते. भारनियमनाचा अनुभव असलेल्या गावात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बॅटरीच्या मशीनला प्लग नसतो, म्हणून तिथे बॅटरीच काढून ठेवावी. सुलट-उलट फिरवणारी कळ मधोमध ठेवली की बहुतेक मशीनचा स्विच दाबला जात नाही. सोय चांगली आहे, पण बॅटरी काढण्याला ती पर्याय नव्हे.

नंतर चावी. ती चकच्या भोकात घालून डावीकडे फिरवली की जबडे उघडतात आणि उजवीकडे फिरवली की आवळतात. बिट आवळून झाल्यावर चावी चकमध्येच राहून जाणे ही या कामातली सर्वांत जुनी आणि सर्वांत टाळण्याजोगी चूक आहे. हिशेब करून पाहावा: मिनिटाला २,८०० फेरे घेणाऱ्या मशीनमध्ये, चकच्या मध्यापासून सहा सेंटीमीटरवर असलेले चावीचे टोक ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते. ते बोटांवर बसते किंवा चावी सुटून खोलीत कुठेही जाते. म्हणूनच हाताच्या ड्रिलसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक असे सांगते की चावी सोडताच ती आपल्या वजनाने चकमधून गळून पडली पाहिजे. पुष्कळ कारागीर चावी हरवू नये म्हणून ती सुतळीने मशीनच्या वायरला, अगदी प्लगच्या जवळ बांधतात. ही सवय फार शहाणपणाची आहे. चावी चकपर्यंत आणायची तर प्लग ओढून काढावाच लागतो. सुतळी मात्र आखूड असावी आणि गाठ चकच्या बाजूला नसावी. धातूची पट्टी किंवा तार वायरवर आवळून चावी अडकवू नये, कारण तिने वायरचे आवरण कापले जाते.

बिट चकमध्ये तळापर्यंत घालून किंचित मागे घ्यावे. जबड्यांनी फक्त गुळगुळीत दांडी धरायची असते. पिळाच्या खाचा जबड्यात आल्या तर पकड अर्धवट राहते, खाचांच्या कडा तुटतात आणि जबड्यांवर ओरखडे पडतात. याच्या उलट, दांडीचे टोकच तेवढे धरले तर ते बिट काम करताना उसळते. बारीक बिट बसवताना आणखी एक गोष्ट घडते. दोन-तीन मिलिमीटरचे बिट तीन जबड्यांच्या मध्ये न जाता दोन जबड्यांच्या फटीत अडकते. हाताला ते घट्ट लागते, पण मशीन सुरू होताच गोल गोल झुलते आणि क्षणात मोडते. यासाठी आधी कडी बोटांनीच फिरवून जबडे बिटाला टेकवावेत, समोरून पाहावे आणि तिन्ही जबड्यांच्या मधोमध बिट दिसले की मगच चावी लावावी.

चकवर चावीसाठी तीन भोके असतात आणि आवळताना तिन्ही वापरायची असतात. एकाच भोकातून कितीही जोर लावला तरी कडीवर तो एका बाजूनेच पडतो. पहिल्या भोकातून आवळल्यावर दुसऱ्यात चावी घातली की ती थोडी आणखी फिरते, तिसऱ्यातही किंचित फिरते. त्या किंचित फिरण्यातच ही सगळी मेहनत वसूल होते. काढताना मात्र एका भोकातून सैल केले तरी चालते. चावीवर पाना किंवा पाइप घालून जोर वाढवू नये. तिचे दात झिजतात आणि झिजलेली चावी पुढच्या वेळी सटकून थेट पेरांवर बसते.

चावीविना हाताने आवळायचा चक आता घरगुती मशीनमध्ये, विशेषतः बॅटरीच्या मशीनमध्ये, रूढ झाला आहे. त्याची कडी आवळताना शेवटी कट-कट असा आवाज येतो आणि पकड बसते. तो ऐकू येईपर्यंत थांबू नये. या चकने एक वाईट सवयही आणली आहे: कडी मुठीत धरून मोटर चालवायची, म्हणजे जबडे आपोआप उघडतात किंवा बंद होतात. रस्त्याकडेच्या कामांवर हे रोज दिसते आणि ते झटपट होते हे खरे. पण मोटरचा सारा पीळ त्या क्षणी मनगटावर येतो आणि बिटाच्या धारदार कडा बोटांपासून काही सेंटीमीटरवर फिरत असतात. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत याला मनाई असते, आणि ती अगदी रास्त आहे.

काँक्रीटसाठीच्या रोटरी हॅमरमध्ये पकडच वेगळी असते. बॉश कंपनीने हिल्टीच्या सहकार्याने १९७५ मध्ये एसडीएस पद्धत आणली. तिच्या प्लस प्रकारच्या बिटाची दांडी दहा मिलिमीटर जाडीची असते आणि तिला चार खाचा असतात. दोन उघड्या खाचांतून फिरण्याचा जोर मिळतो, तर दोन बंद खाचांत पकडीतल्या गोळ्या बसून बिट बाहेर पडू देत नाहीत. मॅक्स प्रकारात दांडी अठरा मिलिमीटरची असते. एसडीएस पकडीत बिट घट्ट आवळलेले नसते. ते जवळपास एक सेंटीमीटर मागेपुढे सरकते आणि त्यामुळेच हातोड्याचा ठोका थेट बिटाच्या मागच्या टोकाला लागतो. बसवताना दांडी फडक्याने पुसून, तिला थोडे ग्रीस लावून, फिरवत आत दाबायची. खट्ट झाले की बाहेर ओढून पाहायचे. काढताना पुढची बाही मागे खेचायची. पुसण्याचा कंटाळा केला तर सिमेंटची पूड आत जाते आणि पकड लवकर झिजते. या मशीनला अडॅप्टरने साधा चक लावता येतो, पण तेव्हा ठोक्याचा प्रकार बंदच ठेवावा. साध्या चकची रचना ते ठोके झेलण्यासाठी नसते.

बिट कोणते, हेही बदलताना पाहायचे असते. लोखंडासाठी हायस्पीड स्टीलचे, लाकडासाठी मध्ये अणी असलेले किंवा चपटे, विटा-काँक्रीटसाठी कार्बाइडची टीप असलेले. ही टीप टंगस्टन कार्बाइडची असते. जर्मनीच्या क्रुप कंपनीने १९२६ मध्ये हा पदार्थ विडिया या नावाने बाजारात आणला आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानांत आजही विडियाचे बिटच मागितले जाते. बिट बदलले की वेगही बदलावा लागतो. मऊ पोलादात सहा मिलिमीटरच्या बिटाला मिनिटाला सुमारे पंधराशे फेरे चालतात, बारा मिलिमीटरच्या बिटाला त्याच्या निम्मे. पोलादावर ठोक्याचा प्रकार चालू राहिला तर बिटाची धार काही क्षणांत जाते.

भोक पाडून नुकतेच थांबलेले बिट हे भाजण्याचे मोठे कारण असते. टेलर आणि व्हाइट या संशोधकांनी विकसित केलेले हायस्पीड स्टील १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात गाजले, ते टोक तापून लाल झाले तरी कापतच राहते यामुळे. हा गुण वापरणाऱ्याला फसवतो, कारण शंभर-दोनशे अंश तापलेले बिट दिसायला थंड बिटासारखेच असते. बदलायची घाई असेल तर पकडीने किंवा जाड फडक्याने धरावे. कार्बाइडचे तापलेले बिट पाण्यात बुडवू नये. अचानक थंड झाल्याने टीप तडकते. हातमोजे बिट हाताळताना जरूर वापरावेत, मशीन सुरू करण्यापूर्वी मात्र सैल मोजे काढावेत, कारण फिरत्या चकमध्ये कापडाचा एक धागा अडकला तरी तो अख्खा हात ओढून घेतो. ओढणी, पदर, मोकळे केस, लोंबती बाही, बांगड्या आणि मनगटावरचा दोरा यांनाही हेच लागू आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २२ मध्ये चालत्या यंत्राजवळ तपासणी किंवा वंगणाचे काम करणाऱ्या प्रशिक्षित कामगाराने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, अशी तरतूद आली ती याच अनुभवातून. घरात पडद्याची पट्टी लावणाऱ्याला कुणी कपडे पुरवत नाही; त्याने बाह्या स्वतःच वर कराव्यात.

बिट पकडीत अडकून बसण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चंद्रावरचे आहे. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांना चंद्राच्या पोटातली उष्णता मोजण्यासाठी बॅटरीच्या ड्रिलने सुमारे तीन मीटर खोल भोके घ्यायची होती. पहिले भोक १.६ मीटरच्या आसपास अडले. ड्रिलच्या चकने नळीसारख्या दांड्याला इतके घट्ट धरले की तो सोडवायला पाना लावावा लागला. फुगलेल्या अंतराळपोशाखात, जाड हातमोज्यांनी ही झटापट चालली होती. पुढच्या मोहिमेआधी दांड्यांची रचना सुधारण्यात आली.

महाराष्ट्राचा या अवजाराशी जुना संबंध आहे. मुंबईच्या रॅलीवुल्फचे ड्रिल जुन्या फिटर आणि वायरमनच्या पिढीने वापरले. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ येथे कुलकर्णी पॉवर टूल्स ही कंपनी उभी राहिली आणि तिथली मशीन देशभर गेली. आयटीआयच्या फिटर वर्गात चक, चावी आणि बिट यांची हाताळणी शिकवली जाते. पण आज ड्रिल मशीन विकत घेणाऱ्यांपैकी बरेच जण त्या वर्गाची पायरी न चढलेले, ते पहिल्यांदाच हातात धरणारे असतात, आणि खोक्यातले माहितीपत्रक उघडून न पाहता तसेच टाकून देतात.

बिट बसवून झाल्यावर चावी काढली आहे याची खात्री करावी, बाजूची आधाराची मूठ लावावी, चष्मा घालावा आणि मगच प्लग लावून मशीन हवेत दोन-तीन सेकंद चालवावे. टोक एका जागी स्थिर दिसले तर बिट सरळ बसले आहे; ते गोल फिरताना दिसले तर पुन्हा प्लग काढून नव्याने बसवावे. ठोक्याच्या कामात हादऱ्यांनी चक सैल होतो, म्हणून काही भोकांनंतर मशीन पूर्ण बंद करून तो पुन्हा आवळावा. बिट वारंवार घसरत असेल तर दांडीला कागद किंवा तार गुंडाळून वेळ मारून नेऊ नये. जबडे झिजले की चक बदलता येतो. उलट फिरणाऱ्या मशीनमध्ये तो आतल्या एका स्क्रूने धरलेला असतो. त्या स्क्रूचे आटे उलटे असतात, त्यामुळे तो उजवीकडे फिरवला की सुटतो. नवा चक घेताना तो ज्यावर बसतो त्या स्पिंडलच्या आट्याचे माप पाहून घ्यावे. ते बहुधा जुन्या चकच्या अंगावरच कोरलेले असते.