लष्करी कुटुंबांसाठी सरकारी खर्चाने सौंदर्यशस्त्रक्रिया (अमेरिका)

अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयांत सैनिक, निवृत्त सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय यांच्यावर होणाऱ्या, वैद्यकीय गरज नसलेल्या रूपसुधारक शस्त्रक्रिया. स्तनवर्धन, लायपोसक्शन, नाकाचा आकार बदलणे, पापण्यांची किंवा पोटाची सैल कातडी काढणे ही त्यांची नेहमीची उदाहरणे. 2004 साली या प्रथेवर वृत्तपत्रांतून बरीच ओरड झाली आणि 2005 मध्ये संरक्षण खात्याने तिला नियमांची चौकट घातली. करदात्याच्या पैशाने सैनिकांच्या बायकांची हौस भागवली जाते, असा तेव्हाचा आरोप होता. तो अगदीच खोटा नव्हता, पण त्यात मूळ कारण सुटून गेले होते.

सैनिकाच्या कुटुंबाला उपचार देण्याची चाल जुनी असली, तरी त्याला पक्का कायदेशीर आधार 1956 च्या कायद्याने मिळाला. 1966 मध्ये बाहेरच्या खासगी डॉक्टरांकडील उपचारांची सोय वाढवण्यात आली आणि 1990 च्या दशकात या व्यवस्थेला ‘ट्रायकेअर’ हे आजचे नाव पडले. तिचे लाभार्थी 90 लाखांहून अधिक आहेत. प्रत्यक्ष सेवेतल्या सैनिकाचा लष्करी रुग्णालयावर पहिला हक्क असतो. बायकामुलांचा नंबर खाट आणि डॉक्टर मोकळे असतील तसा लागतो.

खासगी रुग्णालयात जाणाऱ्यांसाठी ट्रायकेअरचा नियम पहिल्यापासून कडक आहे. जन्मजात व्यंग, अपघाताने बिघडलेले अवयव, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर स्तनाची पुनर्रचना यांचा खर्च मिळतो; निव्वळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा मिळत नाही. मग त्याच शस्त्रक्रिया लष्कराच्या स्वतःच्या थिएटरमध्ये कशा होत होत्या? तिथे विम्याचे बिल फाडायचा प्रश्नच नव्हता. सर्जन पगारी, भूलतज्ज्ञ पगारी, थिएटर सरकारी. कागदावर कुठेही ‘खर्च’ म्हणून वेगळी रक्कम उमटत नसे, आणि जी रक्कम उमटत नाही तिच्यावर लेखापरीक्षक सहसा बोट ठेवत नाही.

जुलै 2004 मध्ये ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाने या प्रथेवर एक छोटे टिपण छापले. त्यातील आकड्यांनुसार 2000 ते 2003 या काळात लष्करी डॉक्टरांनी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांवर 496 स्तनवर्धने आणि 1,361 लायपोसक्शन केली होती. शस्त्रक्रियेचे पैसे पडत नव्हते. स्तनवर्धन करून घेणाऱ्या बाईला इम्प्लांट मात्र स्वतःच्या पैशाने आणावे लागत. इराक युद्ध ऐन भरात असताना ही बातमी आली, त्यामुळे ती जगभर उचलली गेली आणि रात्रीच्या विनोदी कार्यक्रमांना सामग्री मिळाली. वर्षाला सरासरी काढली तर स्तनवर्धने सव्वाशेच्या आत आणि लायपोसक्शन साडेतीनशेच्या आत येतात. एवढ्या अवाढव्य व्यवस्थेत हा आकडा नगण्य होता. मथळा व्हायला तेवढा पुरला.

लष्कराचे उत्तर थोडक्यात असे : सर्जनांना हात बसवायला कोणीतरी रुग्ण लागतो. वाक्य कानाला बरे लागत नाही, पण सगळ्या प्रकरणाचे इंगित त्यातच आहे. अमेरिकेत प्लॅस्टिक सर्जन म्हणून मान्यता मिळवायची तर पुनर्रचनेबरोबर रूपसुधारक शस्त्रक्रियाही ठरावीक संख्येने कराव्या लागतात. लष्कराची रुग्णालये स्वतःचे रेसिडेंट डॉक्टर तयार करतात. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या ब्रुक लष्करी वैद्यकीय केंद्रात युद्धात भाजलेल्यांसाठी मोठे केंद्र आहे. अशा ठिकाणी भाजलेल्या चेहऱ्यावर कातडी बसवणाऱ्या सर्जनला निरोगी ऊतकांवर नाजूक काम करण्याचा सराव असावा लागतो. युद्ध नसेल त्या वर्षांत हा सराव कुठून येणार? वीस-पंचविशीतल्या सैनिकांत पापण्या लोंबलेले फारसे कोणी नसतात. तेव्हा रुग्ण येतात ते त्यांच्या बायकांतून आणि निवृत्तांतून. शिवाय बाहेर बरीच जास्त कमाई दिसत असताना सर्जनला गणवेशात टिकवायचे, तर त्याचे कौशल्य गंजू देऊन चालत नाही.

युद्ध आणि ही विद्या यांचे नाते तसे जुनेच. हॅरल्ड गिलीज या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या सर्जनने पहिल्या महायुद्धात 1917 पासून इंग्लंडमधल्या सिडकप येथे चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांवर जे काम केले, त्यातून आधुनिक प्लॅस्टिक सर्जरी उभी राहिली. अमेरिकी सैन्यात तेच काम सेंट लुइसचे व्हिलरे ब्लेअर पाहत होते. त्याच्याही मागे गेले तर धागा पुण्यापाशी येतो. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गडी 1792 च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला; तिथे त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या विटा पाडणाऱ्या समाजातील एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया पाहिली आणि ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिची हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने 1814 मध्ये लंडनमध्ये त्याच पद्धतीने एका लष्करी अधिकाऱ्याचे नाक बनवले. हकीकत छापून आली तेव्हा कावसजी कंपनी सरकारचा पेन्शनर होता. गिलीजच्या रुग्णांप्रमाणे त्याचीही हानी युद्धातली होती. अमेरिकी वाद पेटला तो हानी नसलेल्या शरीरांवरून.

ऑक्टोबर 2005 मध्ये आरोग्यविषयक सहायक संरक्षणमंत्री विल्यम विंकेनवर्डर यांच्या सहीने नवे धोरण निघाले. प्रथा बंद झाली नाही, तिला दर लागला. सर्जनचे शुल्क, रुग्णालयाचे शुल्क आणि भूल यांचे पैसे रुग्णाने आगाऊ भरायचे. इम्प्लांट पूर्वीप्रमाणेच स्वखर्चाने. कोणत्याही सर्जनच्या एकूण कामात अशा शस्त्रक्रियांचा वाटा 20 टक्क्यांहून जास्त नसावा. प्लॅस्टिक सर्जरी, कान-नाक-घसा, नेत्र, त्वचा आणि मुखशल्य या, मान्यतेसाठी असा अनुभव लागणाऱ्या शाखांपुरतीच परवानगी. रुग्णाची ट्रायकेअरची पात्रता पुढे किमान सहा महिने टिकणारी हवी, म्हणजे नोकरी सुटता सुटता कोणी पदरात पाडून घेऊ नये. सेवेतल्या सैनिकाला आपल्या तुकडीच्या कमांडरची लेखी संमती लागते; त्याच्या बायकोला ती लागत नाही. पुढे काही बिघडले किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करावीशी वाटली, तर लष्करी रुग्णालय ती करीलच अशी हमी नाही, हेही आधीच लिहून घेतले जाते.

खरी कसरत सीमेवरच्या रुग्णांची. दोन बाळंतपणांनंतर एखादीचे पोट सुटले आहे आणि बेंबीपाशी हर्नियाही आहे, अशी कल्पना करा. हर्नियाची दुरुस्ती उपचारात मोडते. त्याच वेळी, त्याच टेबलावर सैल कातडी कापून पोट सपाट केले, तर तेवढा भाग सौंदर्यात जातो आणि त्याचे बिल होते. स्तनांच्या भाराने पाठ आणि मान दुखत असेल, तर ते लहान करणे गरजेचे ठरू शकते. मोठे करणे गरजेचे ठरत नाही, अपवाद कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेचा. ही विभागणी शरीराला ठाऊक नसते, ती कोडक्रमांक भरणाऱ्या कारकुनाला ठाऊक असावी लागते. त्यासाठी संरक्षण खात्याने दर काढून देणारे संगणकीय कोष्टकच तयार केले आहे.

लष्करी रुग्णालयांतले हे दर बाहेरच्या बाजारापेक्षा सहसा कमी पडतात, त्यामुळे सवलतीचा अंश अजून शिल्लक आहे आणि आक्षेपही. सर्जनच्या शिक्षणाचा खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा, यावर या सवलतीची बेरीज अवलंबून राहते. ऑस्ट्रेलियातही 2007 मध्ये नौदलाने महिला कर्मचाऱ्यांच्या स्तनशस्त्रक्रियेचे पैसे भरल्याची बातमी गाजली. तिथल्या संरक्षण खात्याने बचाव केला तो मानसिक आरोग्याच्या कारणाचा. सर्जनांच्या सरावाचा मुद्दा तिथे कोणी काढला नाही.