कुमुदिनी तलाव

कुमुदिनी तलाव हा महाराष्ट्रातील सातारा जिल्ह्यातील कास पठारावरचा गोड्या पाण्याचा लहान तलाव आहे. पावसाळ्याच्या अखेरीस त्याच्या पृष्ठभागावर कुमुदिनी या जलवनस्पतीची असंख्य पांढरी फुले उमलतात. त्यांच्यावरूनच तलावाला हे नाव मिळाले. सातारा शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला कास तलाव हा याहून वेगळा आणि बराच मोठा आहे.

स्थान

कास पठार सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. पठाराचा माथा जांभ्या खडकाचा असून त्यावर मातीचा थर अतिशय पातळ आहे. त्यामुळे मोठी झाडे तेथे फारशी वाढत नाहीत. मात्र खोलगट भागांत पावसाचे पाणी साचते व त्यात जलवनस्पती वाढतात. कुमुदिनी तलाव पठारावरून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर आहे. ही वाट स्थानिक लोकांत ‘राजमार्ग’ म्हणून ओळखली जाते.

वनस्पती

कुमुदिनीचे शास्त्रीय नाव निम्फॉइडिस इंडिका असे असून ती मेनिअँथेसी कुळातील आहे. तिची मुळे तळातील चिखलात असतात, तर हृदयाच्या आकाराची पाने पाण्यावर तरंगतात. फुले पानाच्या देठावरच उगवल्यासारखी दिसतात. पाकळ्या पांढऱ्या, मध्यभाग पिवळा आणि पाकळ्यांवर दाट मऊ केसांची झालर असते. एक फूल साधारणतः एकच दिवस टिकते. नव्या कळ्या रोज उमलत राहिल्याने तलाव मात्र अनेक दिवस फुललेला दिसतो.

रूढ नावामुळे ही वनस्पती कमळ किंवा कुमुद यांच्या जवळची असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात कुमुदाचा समावेश निम्फिएसी या वेगळ्या कुळात होतो. निम्फॉइडिस या प्रजातिनामाचा अर्थच ‘निम्फियासारखी’, म्हणजे कुमुदासारखी दिसणारी, असा आहे. संस्कृत काव्यात कुमुद चंद्रोदयाबरोबर उमलते, अशी कल्पना आहे. कासची कुमुदिनी मात्र दिवसा उमलते व नंतर मिटते.

बहराचा काळ

बहर सामान्यतः सप्टेंबर व ऑक्टोबर महिन्यांत असतो. पावसाचे आगमन, त्याचे प्रमाण आणि उघडीप यांनुसार त्यात दरवर्षी फरक पडतो. याच सुमारास पठारावर तेरडा, गेंद, सीतेची आसवे, सोनकी आदी फुलेही दिसतात. साताऱ्याच्या नावावरून शास्त्रीय नाव मिळालेली वायतुरा ही प्रदेशनिष्ठ वनस्पतीही येथे आढळते.

संवर्धन

१ जुलै २०१२ रोजी युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी महाराष्ट्रात कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार स्थळे आहेत. त्यानंतर कासची प्रसिद्धी वाढली, तसाच पठारावरील गर्दीचा ताणही वाढला. पातळ मातीत रुजलेल्या वनस्पती पायांखाली सहज नष्ट होतात आणि एकदा वाहून गेलेली माती पुन्हा तयार होण्यास दीर्घ काळ लागतो. या कारणाने वन विभाग व स्थानिक ग्रामस्थांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने हंगामात प्रवेश शुल्क, नोंदणी आणि दैनंदिन पर्यटकसंख्येवर मर्यादा लागू केली.

फुलांच्या रक्षणासाठी पठारावर काही वर्षे जाळीचे कुंपण होते. कुंपणामुळे चराई थांबून गवत वाढते व लहान फुलझाडे झाकोळली जातात, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला. पुढे हे कुंपण काढण्यात आले. गुरांची मर्यादित चराई आणि पर्यटकांची वर्दळ यांचा परिणाम सारखा नसतो, हे या चर्चेतून पुढे आले.

भेट

तलावाकडे राजमार्गाने पायी जाता येते. फुले दिवसा उमलत असल्याने सकाळची वेळ अधिक सोयीची ठरते. पठारावर धुके व पाऊस अनपेक्षितपणे येत असल्याने पावसाळी पादत्राणे उपयोगी पडतात. ठरवून दिलेली वाट न सोडणे, पाण्यात न उतरणे, फुले न तोडणे आणि प्लास्टिक न टाकणे आवश्यक आहे. हंगाम सुरू होण्याची तारीख व नोंदणीचे नियम दरवर्षी बदलू शकतात.

सर्वांत जवळचे मोठे शहर सातारा आहे. सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णीकडून येणाऱ्यांना अकलूज, नातेपुते व फलटणमार्गे साताऱ्यास पोहोचता येते. पर्जन्यछायेतील या कोरड्या पट्ट्यातून सह्याद्रीच्या माथ्यावर येताना पाऊस, माती आणि वनस्पतिजीवन यांतील फरक स्पष्टपणे जाणवतो.