जिप्सी आणि रोमा : प्रतीकामागची माणसं



युरोपच्या इतिहासाबद्दल बोलताना आपण राजे, क्रांत्या आणि तत्त्वज्ञ यांच्याबद्दलच जास्त बोलतो. आज आपण अशा लोकांकडे वळणार आहोत, ज्यांचं स्वतःचं राज्य कधी नव्हतं, सैन्य नव्हतं आणि ज्यांनी आपला इतिहास शतकानुशतकं कागदावर लिहिला नाही. तरीही किमान सहाशे वर्षं ते युरोपात आहेत. ते म्हणजे रोमा. आपण त्यांना ओळखतो ते 'जिप्सी' या नावानं.

'जिप्सी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? रंगीत घागरा, व्हायोलिन, शेकोटी आणि कुठेही न थांबणारी गाडी. मंगेश पाडगावकरांच्या एका कवितासंग्रहाचं नावच 'जिप्सी' आहे. डोंगरदऱ्यांत धावणाऱ्या एका मोटारीलाही हेच नाव मिळालं. म्हणजे आपल्याकडेही हा शब्द आला तो मुक्त भटकंतीचं प्रतीक होऊन. आपला आजचा प्रश्न साधा आहे. साहित्यानं ज्यांना स्वातंत्र्याचं प्रतीक केलं, ती माणसं स्वतः किती स्वतंत्र होती?

आधी नावापासून सुरुवात करू. 'जिप्सी' हे 'इजिप्शियन'चं बिघडलेलं रूप. १४२७ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या वेशीवर यांचा एक जथा आला. आपण ख्रिस्ती आहोत, प्रायश्चित्त म्हणून फिरतो आहोत, असं त्यांनी सांगितलं. अशा जथ्यांचं मूळ इजिप्तमध्ये, असा समज युरोपभर पसरला आणि नाव चिकटलं. जर्मन 'त्सिगॉयनर', रशियन 'त्सिगान' ही नावं ग्रीकमधून आली. त्यांचं मूळ बहुतेक अभ्यासक 'अथिंगानोई' या शब्दात पाहतात. ते बायझंटाईन काळातल्या एका पाखंडी मानलेल्या पंथाचं नाव, आणि त्या शब्दाचा अर्थ 'ज्यांना स्पर्श होत नाही असे'. आपल्याला या अर्थाचं अधिक स्पष्टीकरण लागू नये. ही सगळी नावं दुसऱ्यांनी दिलेली. ते स्वतःला म्हणवतात 'रोम', अनेकवचनी 'रोमा'. त्यांच्या भाषेत रोम म्हणजे पुरुष, नवरा, आपला माणूस. जर्मनीत काही गट स्वतःला सिंती म्हणतात, स्पेनमध्ये काले.

मग हे लोक आले कुठून? बखर नाही, शिलालेख नाही. पण त्यांच्याकडे एक दफ्तर होतं, ते म्हणजे त्यांची जीभ. १७८२ मध्ये योहान रूडिगर या जर्मन अभ्यासकानं त्यांच्या भाषेचं व्याकरण हिंदुस्थानी भाषेशी ताडून पाहिलं आणि मूळ भारतात आहे हे दाखवलं. पुढच्याच वर्षी ग्रेलमानच्या पुस्तकानं हे मत युरोपभर पोचवलं.

आपण मराठी माणसं हे कानांनीच तपासू शकतो. रोमानी भाषेत पाणी म्हणजे 'पानी', नाक म्हणजे 'नाख', कान म्हणजे 'कान', माणूस म्हणजे 'मनुश', काळा म्हणजे 'कालो'. दुधाला ते 'थुद' म्हणतात, भावाला 'फ्राल'. एक शब्द तर आपल्याला फार आवडतो. संस्कृतमधल्या 'घर्म', म्हणजे उष्णता, या शब्दापासून आपला 'घाम' आला. त्याच शब्दापासून रोमानीत 'खाम' आला आणि त्याचा अर्थ आहे सूर्य! आणि ख्रिस्ताच्या क्रुसाला ते म्हणतात 'त्रुशुल'.

आता अंक बघा. येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव. इथपर्यंत आपलं घर. पुढे सात, आठ, नऊ : एफ्ता, ओख्तो, एन्या. हे ग्रीक! नशिबाला 'बख्त' म्हणतात, तो शब्द फारसी. घोड्यासाठीचा 'ग्रास्त' आर्मेनियन. म्हणजे इराण, आर्मेनिया, मग बायझंटाईन साम्राज्य, असा सगळा रस्ता शब्दांनी टिपून ठेवला आहे. मराठीनं संस्कृतची तीन लिंगं राखली. रोमानीत हिंदीसारखी दोनच उरली. यावरून, भारतातल्या त्या भाषांमधलं नपुंसकलिंग मोडल्यानंतर हे लोक बाहेर पडले असावेत, असा तर्क काही भाषाशास्त्रज्ञ करतात.

इथे थोडं सावध राहायला हवं. घागऱ्यावरची आरशांची नक्षी पाहून 'आपले बंजारा म्हणजेच रोमा' असं आपण चटकन म्हणून टाकतो. पोशाखाचं साम्य हा वंशाचा पुरावा नाही. भाषेचा पुरावा एवढंच सांगतो की मूळ उत्तर भारतात आहे. त्यापुढचं नातं आपण हौसेनं जोडू नये.

आता मूळ प्रश्नाकडे. आजच्या रुमानियाचे दोन भाग, वालाचिया आणि मोल्दाविया, इथे रोमा गुलाम होते. हा शब्द आपण अलंकार म्हणून वापरत नाही. १३८५ च्या एका दस्तऐवजात वालाचियाच्या राजानं चाळीस रोमा कुटुंबं तिस्माना मठाला दिल्याची नोंद आहे. तिथून पुढे जवळपास पावणेपाचशे वर्षं ते राजाच्या, मठांच्या किंवा जमीनदारांच्या मालकीचे राहिले. त्यांची विक्री होई, ते देणगीत जात, हुंड्यातही दिले जात. मिहाइल कोगल्निचानू यानं १८३७ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. म्हातारपणी एका भाषणात त्यानं सांगितलं, की तरुणपणी याश शहराच्या रस्त्यांवर हातापायांत बेड्या घातलेली माणसं त्यानं पाहिली होती. ही गुलामी कायद्यानं संपली ती मोल्दावियात १८५५ मध्ये आणि वालाचियात १८५६ मध्ये.

ही सनावळी मनात ठेवा आणि पुश्किनकडे वळा. १८२४ मध्ये त्यानं 'जिप्सी' ही दीर्घ कविता लिहिली. तिचा नायक अलेको शहराला आणि कायद्याला कंटाळून रोमांच्या तांड्यात येतो, कारण तिथे स्वातंत्र्य आहे. कविता घडते बेसाराबियात. हा प्रदेश १८१२ पर्यंत मोल्दावियाचा भाग होता, आणि रशियाकडे गेल्यावरही तिथली रोमांची गुलामी चालूच राहिली. म्हणजे कवितेत ज्या भूमीवर स्वातंत्र्य नांदतं, त्याच भूमीवर त्याच लोकांना मालक होते. पुश्किनला न्याय द्यायला हवा. अलेकोला फक्त स्वतःपुरतं स्वातंत्र्य हवं आहे, हे त्यातल्या म्हाताऱ्या रोमाच्याच तोंडून तो सांगतो. पण त्या म्हाताऱ्याचा मालक कोण, हा प्रश्न कवितेत येत नाही.

दुसरं उदाहरण घेऊ. 'जिप्सी मुलं पळवतात' हा जुना आरोप. सर्व्हांतेसच्या १६१३ मधल्या 'ला गितानिया' या कथेतली सुंदर, शीलवान प्रेसिओसा शेवटी निघते ती उमराव घराण्यातली, लहानपणी पळवलेली मुलगी. व्हिक्टर ह्यूगोच्या १८३१ च्या 'नोत्र दाम द पारी'तली एस्मेराल्दासुद्धा मूळची फ्रेंच. म्हणजे नायिका चांगली असेल, तर ती रोमा असूच शकत नाही! प्रत्यक्षात मुलं कोणी पळवली? अठराव्या शतकात ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा हिच्या राजवटीत रोमांची मुलं आईबापांकडून काढून घेऊन परक्या घरांत वाढवण्याचे हुकूम निघाले. ही चोरी सरकारी होती, म्हणून तिची कादंबरी झाली नाही.

तिसरं उदाहरण कार्मेनचं. मेरीमेची कथा १८४५ ची, बिझेचा ऑपेरा १८७५ चा. स्वातंत्र्यासाठी मरण पत्करणारी स्पॅनिश जिप्सी स्त्री म्हणून कार्मेन जगभर गाजली. त्याच स्पेनमध्ये १७४९ च्या जुलैअखेरीस राजाज्ञेनं देशभरातले रोमा एकदम पकडले गेले. सुमारे नऊ हजार माणसं. पुरुष आणि बायका वेगळे ठेवले. पुरुषांना आरमाराच्या गोद्यांमध्ये कामाला जुंपलं. काहींना सुटायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला.

कांटनं १७८५ मध्ये नीतिशास्त्राचं एक सूत्र मांडलं : माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतः साध्य आहे. गुलामाचा मालक हे सूत्र मोडतो, हे उघड आहे. पण आमच्या मते माणसाचं नुसतं प्रतीक करणं, हाही त्याला साधन करण्याचाच एक सभ्य प्रकार आहे. कवीला स्वतःच्या समाजाचा कंटाळा आलेला असतो. तो कंटाळा सांगायला त्याला एक भटका लागतो. त्या भटक्याला पोट आहे, लेकरं आहेत, भीती आहे, याची त्याला गरज नसते. तिरस्कार आणि कौतुक दोन्ही दुरूनच करता येतात. जवळ जाऊन विचारपूस मात्र कोणी करत नाही.

याची किंमत विसाव्या शतकात कळली. १९४४ च्या २ ऑगस्टच्या रात्री ऑशविट्झ-बिर्केनाऊमधल्या रोमा छावणीतली उरलेली चार हजारांहून अधिक माणसं विषारी वायूनं मारली गेली. त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी होती. युद्ध संपल्यावर पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयानं १९५६ मध्ये असा निर्णय दिला, की १९४३ पूर्वीचा छळ वंशामुळे नव्हता, गुन्हेगारीविरुद्धचा उपाय होता. म्हणजे जुनं चित्र पुन्हा पुराव्यासारखं वापरलं गेलं. हा वंशसंहार होता, हे पश्चिम जर्मन सरकारनं मान्य केलं ते १९८२ मध्ये.

मग रोमा स्वतः काय म्हणाले? मातेओ माक्सिमॉफ या रोमा लेखकानं रुमानियातल्या गुलामीवर फ्रेंचमध्ये कादंबरी लिहिली, १९५५ मध्ये. तिचं नाव 'स्वातंत्र्याची किंमत' अशा अर्थाचं आहे. तिथे स्वातंत्र्य ही रम्य कल्पना नाही. बेडी तुटेल की नाही, हा रोजचा प्रश्न आहे. पोलंडमध्ये पापुशा या कवयित्रीनं रोमानीत लिहिलं. तिच्या कविता छापून आल्या तेव्हा, आपली गुपितं परक्यांना दिली म्हणून तिच्याच लोकांनी तिला दूर केलं. ज्यांना शतकानुशतकं माहिती दिल्याची शिक्षाच झाली, त्यांचा हा राग समजून घ्यावा लागतो. ऑस्ट्रियाच्या चेया स्तोइका तीन छळछावण्यांतून वाचल्या आणि १९८८ मध्ये त्यांच्या आठवणींचं पुस्तक आलं.

हे आपल्याला परकं वाटू नये. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायद्यानं पुसला गेला १९५२ च्या ३१ ऑगस्टला. आपल्या साहित्यातही भटका फार काळ दुरूनच दिसत होता. लक्ष्मण मानेंचं 'उपरा' १९८० मध्ये आलं, लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ मध्ये, तेव्हा आतून आलेला आवाज ऐकून मराठी वाचक दचकला. रोमा वाचताना आपल्याजवळ ही शिदोरी आहे.

१९७१ च्या ८ एप्रिलला लंडनजवळ रोमांची पहिली जागतिक परिषद भरली. निळ्या-हिरव्या झेंड्यावर त्यांनी लाल चाक घेतलं. त्या चाकात आपल्याला आपलं चक्र दिसतं आणि अभिमान वाटतो. वाटू द्या. पण ते चाक गाडीचंही आहे, आणि ती गाडी सगळ्याच वेळा हौसेनं चाललेली नव्हती. पुष्कळदा तिला गावागावांतून हाकललेलं होतं. 'जिप्सी' हा शब्द पुढच्या वेळी कवितेत भेटेल, तेव्हा तिचा आनंद जरूर घ्या. फक्त तिच्यातला माणूस कुठून, कोणाच्या धाकानं निघाला होता, एवढं विचारा.