हुरियतची मोट

१९९३मध्ये श्रीनगरात सव्वीस पक्ष-संघटनांनी ऑल पार्टीज हुरियत कॉन्फरन्स उभी केली आणि तरुण मीरवाइज उमर फारूक तिचे पहिले अध्यक्ष झाले. ही आघाडी मतभेदांमुळे फुटली, असे सर्रास म्हटले जाते. माझ्या मते मतभेद झाकून ठेवणे हाच तिचा पाया होता. जमात-ए-इस्लामीला पाकिस्तानात विलीनीकरण हवे होते, तर जम्मू-काश्मीर लिबरेशन फ्रंटला (जेकेएलएफ) स्वतंत्र काश्मीर. दोघांना एकत्र बसवणारा शब्द होता ‘स्वयंनिर्णय’, कारण निर्णय काय असावा हे तो सांगत नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांत मात्र भारत किंवा पाकिस्तान एवढेच पर्याय होते. ही अडचण कोणी फारशी उकरली नाही.

फूट दिल्ली आणि इस्लामाबादने पाडली, हा आक्षेप निराधार नाही. दोन्ही राजधान्यांना आपापले हुरियत नेते हवेच होते. शिवाय बंदुकीचा धाक होता. मे २००२मध्ये हुरियतचे नेते अब्दुल गनी लोन यांची हत्या झाली. पण बाहेरचा हात आधीच्याच भेगेत शिरतो. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत लोन यांच्या पीपल्स कॉन्फरन्सने छुपे उमेदवार उभे केल्याचा आरोप हुरियतचेच नेते सय्यद अली शाह गिलानी यांनी केला आणि २००३मध्ये त्यांनी वेगळी चूल मांडली. म्हणजे ठिणगी पडली ती निवडणुकीवरून, अंतिम ध्येयावरून नव्हे! जानेवारी २००४मध्ये मीरवाइज गट उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणींना भेटला. गिलानी बाहेरच राहिले. २०२०मध्ये त्यांनी स्वतःच्या गटाचाही राजीनामा दिला.