टर्नरच्या वहीतील कोलोन

इंग्रज चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर १८१७ च्या ऑगस्टमध्ये ऱ्हाईन नदीच्या काठाकाठाने प्रवास करीत होता. नेपोलियनची युद्धे संपून दोनच वर्षे झाली होती आणि इंग्रज प्रवाशांना युरोपची वाट पुन्हा मोकळी झाली होती. खिशात मावतील अशा वह्यांत त्याने पेन्सिलीने कोलोन नगर टिपले. याच प्रवासात त्याची एक पिशवी हरवली. काय काय गेले याची यादी त्याने वहीतच लिहून ठेवली आहे: सदरे, वस्तरा, रंगांची पेटी आणि अर्धा डझन पेन्सिली!

त्या काळची अशी रेखाटने वाचताना आजचे कोलोन मनातून पुसून टाकावे लागते. छायाचित्रांत आपण पाहतो ते १५७ मीटर उंचीचे जुळे मनोरे १८८० मध्ये पुरे झाले. १२४८ मध्ये पायाभरणी झालेल्या या महामंदिराचे काम सोळाव्या शतकात थांबले, ते १८४२ पर्यंत थांबलेलेच होते. एका टोकाला १३२२ मध्ये अभिषिक्त झालेला वेदीकडील उंच भाग, दुसऱ्या टोकाला दक्षिण मनोऱ्याचा खुंट आणि मधे ठेंगणे छप्पर, असे त्याचे रूप होते. नदीवरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत अधिक भरे तो ग्रेट सेंट मार्टिन चर्चचा मनोरा. एखाद्या जुन्या चित्रात हाच मनोरा साऱ्या काठावर राज्य करताना दिसला, तर चित्रकाराने अतिशयोक्ती केली असे समजण्याची घाई करू नये. पाण्यालगत तो खरोखरच पुढे उभा आहे.

भग्न आणि अपुऱ्या वास्तूंची रोमँटिक कलावंतांना मोठी ओढ. समीक्षकही मग अशा चित्रांत केवळ हुरहूर शोधतात. आम्हांला हे वाचन अर्धेच वाटते. ११६४ मध्ये ज्या नगरात मिलानहून तिघा मागी राजांचे पवित्र अवशेष आणले गेले, त्याच नगरात १७९४ मध्ये फ्रेंच सैन्य शिरले. महामंदिराचे कोठार झाले. १८०२ मध्ये मठ खालसा झाले आणि पुढे कित्येक चर्चे पाडली गेली. टर्नर आला तेव्हा कोलोनला आर्चबिशपदेखील नव्हते. ते धर्मपीठ १८२१ मध्ये पुन्हा स्थापन झाले. तेव्हा या काठावरील मनोऱ्यांची रांग म्हणजे वाचलेल्यांची हजेरी होय. दोन मनोऱ्यांमधल्या कोऱ्या कागदावर कधी आकाश असते, तर कधी पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत तेथे एखादा मठ असतो. हा भेद पेन्सिल सांगत नाही. त्यासाठी रेखाटनाशेजारी नगराचा इतिहास उघडून ठेवावा लागतो.

टर्नरला हे सारे किती ठाऊक होते, हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो. त्याला घरी जाऊन जलरंगांत चित्रे करायची होती. ऱ्हाईनची तशी सुमारे पन्नास चित्रे त्याने केली आणि ती वॉल्टर फॉक्स या त्याच्या आश्रयदात्याने विकत घेतली. १८२६ मध्ये त्याने कोलोनचे मोठे तैलचित्र प्रदर्शित केले. त्यात संध्याकाळच्या सोनेरी उजेडाने काठ न्हाऊन निघाला आहे. ते आता न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात आहे, तर पेन्सिलीच्या वह्या लंडनच्या टेट संग्रहालयात.