पाटीवरचा शब्द

आमच्या वडिलांच्या दुकानावर आधी ‘फर्निचर मेकर’ अशी पाटी होती. १९८०च्या सुमारास कुणाच्या तरी सल्ल्यावरून ती ‘इंटिरिअर डेकोरेटर’ झाली. या बढतीला रंगाऱ्याच्या मजुरीपलीकडे काही खर्च आला नाही. त्याच पाटीवर ‘आर्किटेक्ट’ लिहिले असते तर तो गुन्हा ठरला असता, हे मला फार उशिरा, १९७२चा वास्तुविशारद अधिनियम मुळातून वाचताना कळले.

या अधिनियमाचे ३७वे कलम नोंदणी नसलेल्याला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घ्यायला मनाई करते. पहिल्या अपराधाला पाचशे रुपयांपर्यंत दंड. पुन्हा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैदही. ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ आणि ‘नेव्हल आर्किटेक्ट’ यांना मात्र त्यातून वगळले आहे. बागेला आणि बोटीला मिळालेली ही सवलत दिवाणखान्याला काही मिळाली नाही!

राखला गेला तो फक्त शब्द. विधेयकाच्या उद्देशनिवेदनातच म्हटले होते, की इमारतीचे काम ही वास्तुविशारदांची मक्तेदारी नव्हे; अभियंत्यांनी आपले काम खुशाल करावे, पण आर्किटेक्ट म्हणवू नये. तरीही बंदी नावाला की कामाला, हा वाद उरलाच. १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला : नावाला.

त्याच १९७२ साली, आज ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स’ म्हणून ओळखली जाणारी संस्था मुंबईत उभी राहिली. म्हणजे एका व्यवसायाला नाव संसदेने दिले, दुसऱ्याने ते स्वतःच घेतले. संस्थेचे सभासदत्व ऐच्छिक आहे. नसले तरी कुणाचा धंदा अडत नाही.

‘इंटिरिअर डिझायनर’ हे नावही कायद्याने राखून ठेवावे, अशी मागणी अधूनमधून होते. ती मला अगदीच गैर वाटत नाही. फॉल्स सीलिंगच्या आत कुणी कशा वायरी कोंबल्या, हे घरमालकाला आग लागेपर्यंत दिसत नाही. पण नावाची राखण कामापर्यंत कशी पोचते, ते अमेरिकेत दिसले. अलाबामा राज्याने १९८२ साली, त्या देशात सर्वांत आधी, या व्यवसायाचे नाव राखीव केले. २००१मध्ये कामही राखीव झाले. २००७मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला.

आपल्या अधिनियमातले २५वे कलम मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. पदवी नसली, तरी ठरलेल्या तारखेआधी किमान पाच वर्षे हा व्यवसाय केलेल्या भारतीय नागरिकाला त्यात नोंदणीची वाट ठेवली होती. कामावर शिकलेल्यांसाठी हे दार होते, पण तारखेपुरतेच. नंतर आलेल्यांसाठी नव्हे. अंतर्गत सजावटीचा कायदा उद्या झालाच, तर असे कलम त्यात आहे का, हे मी सर्वांत आधी पाहीन. अशा नोंदणीसाठी वडिलांना पुरावा म्हणून दाखवता आले असते ते त्यांचे बिलबुक. पाटी बदलल्यावरही त्यात शेवटपर्यंत ‘सुतारकाम, रोजाने’ एवढेच लिहिलेले आहे.